पावणेदोन लिटर हवा, सेकंदाला वीस वेळा

जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या चढा. मीटरभर उंची गाठली की तुमच्या भोवतालचा हवेचा दाब साधारण १२ पास्कलनं उतरतो. काही जाणवतं? काहीच नाही. वातावरणाचा एकूण दाब एक लाख पास्कलच्या घरात. त्यात बारांचा काय पाड!

सिनेमाच्या आवाजात खोल दणक्यांसाठी एक वेगळी वाट राखून ठेवलेली असते. ‘५.१’ असं आपण वाचतो त्यातला शेवटचा ‘.१’ तो हाच. या वाटेनं जाणाऱ्या आवाजाची ठरलेली कमाल पातळी आहे ११५ डेसिबल. पास्कलमध्ये सांगायचं तर सुमारे ११. म्हणजे दाबातला बदल तेवढाच, जिन्यावरच्या मीटरभर चढणीएवढा. फक्त तो सेकंदाला वीस, तीस, चाळीस वेळा होतो. आणि एवढ्याशा बदलानं तावदानं थरथरतात, सोफा गुरगुरतो, बरगड्यांच्या आत काहीतरी हलतं आणि पडद्यावरचा डायनोसॉर एकदम खराखुरा वजनदार होतो.

हा बदल घडवणाऱ्या खोक्याला सबवूफर म्हणतात. दुकानात तो काही हजारांत मिळतो, तसाच कित्येक लाखांतही मिळतो. महागड्या सबवूफरच्या बाजारात एक प्रश्न कायम विचारला जातो: गाण्यासाठी कुठला चांगला आणि सिनेमासाठी कुठला? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या मागे लागलं की आपण कानाच्या रचनेपासून हत्तींच्या संभाषणापर्यंत आणि शेवटी स्वतःच्या हॉलच्या भिंतींपर्यंत येऊन पोचतो.

आधी या खोक्याचं काम किती अवघड आहे ते पाहू. स्पीकर म्हणजे हवा पुढे-मागे ढकलणारा पडदा, आणि त्याला लागू असलेला नियम निर्दय आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर चौपट हवा हलवावी लागते. हिशेब करून बघू. मोकळ्या मैदानात जमिनीवर सबवूफर ठेवला आहे आणि एक मीटरवर आपल्याला १०५ डेसिबल हवेत. सूर ८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांचा असेल, तर पडद्यानं प्रत्येक हेलकाव्यात एका बाजूला जेमतेम ०.१ लिटर हवा सारली की काम झालं. ४० हर्ट्झला ०.४ लिटर. आणि २० हर्ट्झला जवळजवळ पावणेदोन लिटर! १२ इंची वूफरला त्यासाठी सव्वातीन सेंटिमीटर पुढे यावं लागेल आणि तेवढंच मागे जावं लागेल, तेही सेकंदाला वीस वेळा आणि जराही वाकडंतिकडं न होता. बहुतेकांचा दम निम्म्या वाटेवरच संपतो. १८ इंचीला हेच काम दीड सेंटिमीटरच्या आत उरकता येतं. खोल आवाजाच्या दुनियेत मोठ्या आकाराला पर्याय नाही, तो यामुळे.

त्यात आपले कान इतक्या खालच्या सुरांना जवळजवळ बहिरे. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाचा कान कुठल्या सुराला किती दाद देतो हे आलेखांवर मांडलं. पुढच्या मोजमापांनी ते आलेख सुधारले, पण गोष्ट तीच राहिली. १००० हर्ट्झचा सूर शून्याच्या आसपास डेसिबल असला तरी ऐकू येतो. २० हर्ट्झचा सूर नुसता ‘आहे’ एवढं कळायलाच ७८ डेसिबलच्या आसपास पातळी लागते. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं, आठवतं? आवाज बारीक केला की बेस सगळ्यात आधी नाहीसा होतो, तो भरून काढायला ते बटण होतं.

आता याची दुसरी, जास्त गमतीची बाजू. एकदा का तो उंबरठा ओलांडला, की खालच्या सुरांचा भास झपाट्यानं वाढतो. मधल्या सुरांत आवाज ‘दुप्पट’ वाटायला दहा डेसिबल लागतात; २० हर्ट्झच्या आसपास निम्म्यातच काम होतं. म्हणून बेसचं बटण नेहमी एकतर कमी वाटतं किंवा एकदम जास्त. मधली जागा सापडता सापडत नाही. आणि यातूनच स्वस्त व महाग सबवूफरमधला खरा फरक निघतो. स्वस्त सबवूफरला २० हर्ट्झचा सूर दिला की त्याचा पडदा ताणला जातो, आणि मूळ सुराबरोबर ४० आणि ६० हर्ट्झचे न मागितलेले सूर बाहेर पडतात. कान ६० हर्ट्झला २० पेक्षा कितीतरी तिखट. त्यामुळे मोजयंत्रावर किरकोळ दिसणारी ही भेसळ कानाला मूळ सुराहून मोठी ऐकू येते. ‘काय बेस आहे!’ म्हणून आपण ज्याला दाद देतो, तो पुष्कळदा वूफरचा कण्हण्याचा आवाज असतो. उत्तम सबवूफर पहिल्यांदा ऐकणारा माणूस म्हणूनच थोडा हिरमुसतो. गाणं चालू आहे आणि हा पठ्ठ्या गप्प! त्या गाण्यात तेवढं खोल काही नव्हतंच, एवढाच त्याचा अर्थ.

मग गाण्यात खोल असतं तरी काय? आपल्या घरातल्या संगीतापासून सुरू करू. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. डग्ग्याचा घुमारा बहुतेक वेळ त्याच्याच आसपास वावरतो. म्हणजे अख्खी ख्याल मैफल ६० हर्ट्झच्या वरच संपते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ ला, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला. त्याखाली उतरायला वाद्यांमध्ये जवळजवळ एकच दादा आहे: चर्चमधला पाइप ऑर्गन. त्याची ३२ फुटी नळी १६ हर्ट्झवर बोलते. सिडनीच्या टाउन हॉलमधल्या १८९० साली पूर्ण झालेल्या ऑर्गनमध्ये तर ६४ फुटी नळ्या आहेत. त्यांतल्या सर्वांत लांब नळीची कंपनं सेकंदाला आठ! हा सूर ऐकायचा नसतोच. तो खुर्चीतून, पायांतून, हवेच्या फडफडण्यातून जाणवतो.

असं ‘जाणवणं’ किती खरं असतं, याचा एक सुंदर पुरावा आहे. केटी पेन या संशोधिका १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याजवळ बसल्या होत्या. कानावर काही पडत नव्हतं, पण हवेत काहीतरी धडधडतंय असं त्यांना वाटत राहिलं. लहानपणी गायनवृंदात गाताना ऑर्गनच्या मोठ्या नळ्यांशेजारी उभं राहिल्यावर अगदी असंच वाटायचं, हे त्यांना आठवलं. मग ध्वनिमुद्रण करून ते जास्त वेगानं वाजवलं गेलं आणि हत्तींचं बोलणं ऐकू आलं. माणसाच्या कानाखालून चाललेला तो संवाद प्रामुख्यानं १४ ते २४ हर्ट्झच्या पट्ट्यातला होता. एका मोठ्या शास्त्रीय शोधाची सुरुवात ऑर्गनच्या बेसच्या आठवणीनं झाली.

इथे कुणी म्हणेल, मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरसुद्धा मला तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येतो, मग सबवूफर कशाला? बरोबर आहे, ऐकू येतो. तो मोबाइलमधून मात्र येत नाही. त्या स्पीकरला ६९ हर्ट्झ काढताच येत नाही. तो १३८, २०७, २७६ असे वरचे स्वरांश तेवढे काढतो. मेंदू त्यांच्यातलं अंतर पाहतो आणि गैरहजर असलेला मूळ सूर स्वतःच मांडतो. सूर कळतो, पण अंगाला काही लागत नाही. चांगला सबवूफर जोडला की सुरात नवीन काही येत नाही, तानपुऱ्याला भोपळा येतो. संगीतासाठी त्याची गरज आहे ती एवढ्याचसाठी.

सिनेमाचं तसं नाही. तिथे वाद्याची मर्यादाच नाही, त्यामुळे तळही नाही. १९७४ साली युनिव्हर्सलनं ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट सेन्सराउंड नावाच्या यंत्रणेसह काढला. सर्विन-वेगा कंपनीचे अजस्र सबवूफर थिएटरांत नेऊन ठेवले आणि भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या. लॉस एंजेलिसच्या चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली! चित्रपटाला ध्वनीचं ऑस्करही मिळालं. पुढे १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस, आणि तो ‘.१’ घरोघरी पोचला. ‘जुरासिक पार्क’मधला गाडीतल्या पेल्याच्या पाण्यावर उठणाऱ्या वलयांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. ती वलयं डायनोसॉरच्या पावलाच्या आवाजानं उठलेली नव्हती. डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडली होती. पाण्याला हलवलं तारेनं, आपल्याला हलवलं वूफरनं.

मधेच एक गंमत. पडदा पुढे-मागे ढकलण्याचाच कंटाळा येऊन फ्लोरिडातल्या ब्रूस थिग्पेन यांनी पंख्याचा सबवूफर बनवला. मोटर पंखा एका वेगानं फिरवत राहते आणि संगीताचा सिग्नल पात्यांचा कोन बदलतो. कोन एका बाजूला झुकला की हवा आत, दुसऱ्या बाजूला झुकला की बाहेर. हे यंत्र पार सेकंदाला एका कंपनापर्यंत उतरतं. मात्र त्याच्या पाठीमागे खोका म्हणून अख्खी माळ्याची खोली लागते. आपल्याकडे माळ्यावर गाद्या असतात, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

नेहमीच्या सबवूफरमध्ये खरी फाटाफूट आहे ती खोक्याची. बंद खोका की तोंड असलेला खोका?

बंद खोक्याची कल्पना पक्की केली ती एडगर विल्चर या अमेरिकी शिक्षकानं. १९५४ च्या त्यांच्या एआर-१ स्पीकरमध्ये खोक्यात कोंडलेली हवा हीच पडद्याची स्प्रिंग झाली. पोलादी किंवा कापडी स्प्रिंगपेक्षा हवा जास्त इमानदार. दाबाल तेवढीच उलटते. तोंड असलेल्या, म्हणजे पोर्टेड खोक्याचं तत्त्व बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून सूर काढणाऱ्या पोराला माहीत असतं. पोर्टमधली हवा एका ठरावीक सुरावर झुलते आणि त्या सुरावर एक चमत्कार घडतो: वूफरचा पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळा आवाज पोर्टमधून येतो. कमी कष्टांत जास्त दणका. किंमत अशी, की त्या सुराच्या खाली आवाज दुप्पट वेगानं कोसळतो. बंद खोक्यात तो दर सप्तकाला १२ डेसिबलनं उतरतो, पोर्टेडमध्ये २४ नं. शिवाय तिथे पडद्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये खालचे सूर कापणारी सोय ठेवावीच लागते. या सगळ्याचं गणित कुणी बसवलं? नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात, दोघांनीही सिडनीत! ६४ फुटी नळीच्या गावातच हे व्हावं, हा योगायोग मला फार आवडतो.

दोन्ही खोक्यांची तुलना करायला एसव्हीएस या अमेरिकी कंपनीनं २०१६ मध्ये जणू प्रयोगच मांडून दिला. १६ इंची वूफर आणि १५०० वॉटचा ॲम्प्लिफायर ही जोडी त्यांनी एसबी-१६ अल्ट्रा या बंद खोक्यात घातली आणि पीबी-१६ अल्ट्रा या तीन पोर्टच्या खोक्यातही. पहिला सुमारे ५५ किलोचा, दुसरा ७९ किलोचा. वजनातला फरक जवळजवळ सगळा लाकडाचा. मोठा खोका २० हर्ट्झच्या आसपास बराच जास्त आवाज देतो. सिनेमाच्या वेड्याला तोच हवा. लहान खोका ४० च्या वर फारसा मागे पडत नाही, आणि संगीत तर बहुतेक तिथेच राहतं. यात नवल नाही. केएलएच या कंपनीच्या नावातले ‘एच’ म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा लोखंडी नियम सांगतो: लहान खोका, खोल सूर आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात.

नव्या महाग सबवूफरचा सगळा इतिहास म्हणजे हा नियम वाकवण्याची धडपड. केईएफचा २०२१ मधला केसी ६२ पाहा. पाव मीटरचा ठोकळा, १४ किलो, आत साडेसहा इंचांचे दोन वूफर पाठीला पाठ लावून. दोघं एकाच क्षणी विरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे धक्के एकमेकांना छेदतात आणि खोका जागचा हलत नाही. तो ११ हर्ट्झपर्यंत उतरतो असं कंपनी सांगते, आणि ते खोटं नाही. पण हळू आवाजात. वरचा हिशेब इथे लावा: २० हर्ट्झला १०५ डेसिबलसाठी या चिमुकल्या पडद्यांना सहा सेंटिमीटर पुढे यावं लागेल. ते अशक्य. म्हणून अशा लहान सबवूफरचा आवाज वाढवला की आतला प्रोसेसर सर्वांत खालचे सूर गुपचूप छाटतो. दुसऱ्या टोकाला जेएल ऑडिओ, मुळात गाड्यांमधल्या बेससाठी नावाजलेली फ्लोरिडाची कंपनी. त्यांच्या गॉथम या सबवूफरमध्ये साडेतेरा इंचांचे दोन वूफर, बंद खोका आणि दीडशे किलोहून जास्त वजन. तो घरी आणायचा तर आधी सोसायटीच्या लिफ्टची क्षमता वाचावी लागेल.

तिसरी वाट सर्व्होची. वूफरच्या हालचालीवर सतत नजर ठेवायची आणि तो सिग्नलपासून ढळला की तिथल्या तिथे सुधारायचं. टेक्सासची रिदमिक कंपनी त्यासाठी वूफरमध्ये एक जास्तीची कॉइल बसवते. डेव्हिड हॉल यांच्या कॅलिफोर्नियातल्या व्हेलोडाइननं त्वरण मोजणारा सेन्सर पडद्यावरच चिकटवला. या हॉल यांची कथा तर कादंबरीत शोभावी. सबवूफर बनवता बनवता ते चालकाविना धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत उतरले, तिथे गाडीला ‘दिसावं’ म्हणून लेसरचं फिरतं यंत्र बनवलं, आणि डार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेच्या २००७ च्या स्पर्धेत शर्यत पूर्ण करणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या टपावर व्हेलोडाइनचं ते यंत्र होतं. स्वयंचलित गाडीचे डोळे बेसच्या कारखान्यातून आले!

वेल्सच्या आरईएलची वाट अगदी निराळी. त्यांचा आग्रह असा, की सबवूफरनं सिग्नल घ्यायचा तो तुमच्या मुख्य ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला जाणाऱ्या तारांवरूनच. म्हणजे मुख्य स्पीकरला जे मिळतं तेच त्यालाही मिळतं आणि दोघं एका सुरात राहतात. दोन स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्यांमध्ये या पद्धतीचे कट्टर भक्त आहेत.

भक्तांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो: ‘फास्ट बेस’. संगीताला चपळ सबवूफर लागतो, सिनेमाचा सुस्त असला तरी चालतो, वगैरे. हे मला साफ नामंजूर आहे. ५० हर्ट्झच्या सुराला एक हेलकावा पूर्ण करायलाच २० मिलिसेकंद लागतात. त्याहून चपळ होण्याची त्याला मुभाच नाही. डग्ग्यावर हात पडतो तेव्हाची ती ‘थाप’, बोटांचा स्पर्श, घिस्सा घेताना मनगटाचं घासणं, हे सगळं शेकडो-हजारो हर्ट्झमधलं काम. ते मुख्य स्पीकर करतात. सबवूफर देतो त्यामागचा घुमारा. थाप आणि घुमारा एकाच क्षणी कानावर आले तर बेस चपळ वाटतो. वेगवेगळे आले तर सुस्त. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर. सबवूफरचं अंतर मुख्य स्पीकरपेक्षा दोन-सव्वादोन मीटरनं जास्त असेल आणि ते सेटिंगमध्ये भरलं नसेल, तर जिथे दोघांची हद्द मिळते तिथेच एकाची उंच लाट दुसऱ्याच्या खोल लाटेवर पडते आणि सूर पुसला जातो. मग लाखाचा सबवूफर काय करणार?

आणि आता भिंती. २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब असते. आपला हॉल बारा बाय पंधरा फुटांचा. ती लाट त्यात मावतच नाही. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत गुंततात आणि काही सुरांवर खोली स्वतःच वाजू लागते. पंधरा फुटांच्या लांबीला हा सूर सुमारे ३७ हर्ट्झचा, बारा फुटांच्या रुंदीला ४७ चा, साडेनऊ फूट उंचीला ५९ चा. या सुरांवर भिंतीजवळ बेस फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर गायब होतो. एकाच खोलीत, एकाच सबवूफरचा, एकाच सुरावरचा आवाज सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा डेसिबलनं बदलू शकतो. दहा डेसिबल म्हणजे दहापट वीज! दोन उत्तम सबवूफरमध्ये एवढा फरक सहसा नसतो. शिवाय खोली असे सूर लगेच सोडतही नाही, ते रेंगाळतात. ‘सुस्त’ म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो ती बहुधा आपलीच खोली असते.

हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याच प्रश्नाचा छडा लावला: किती सबवूफर पुरेत? उत्तर भलतंच व्यवहारी निघालं. चौकोनी खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले की खोलीची दादागिरी बरीचशी संपते, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी त्या फायद्याचा मोठा भाग पदरात पडतो. चारांपुढे फारसं काही हाती लागत नाही. एकच सबवूफर असेल तर एक जुनी युक्ती आहे. तो उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे बेस सर्वांत सम आणि स्वच्छ ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. ध्वनी जसा इथून तिथे जातो तसाच तिथून इथे येतो, म्हणून हे जमतं. घरचे हसतील, हसू द्या.

खोली एक उपकारही करते. दारं-खिडक्या बंद असल्या तर तिच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली ती खोक्यासारखी दाबली जाते आणि खोल आवाजाला फुकट बळ देते. बंद खोक्याच्या सबवूफरचा उतार त्यामुळे बराच भरून निघतो. दारं-खिडक्या सताड उघड्या असलेल्या आपल्या घरांत हे बळ गळून जातं.

गळून जातं कुठे? शेजारी. भिंत जड असेल तर आवाज अडतो, पण सूर जितका खाली तितकी भिंत दुबळी. दर सप्तकाला सुमारे सहा डेसिबलनं. बोलणं भिंतीत जिरतं, बेस आरपार जातो. आणि इथे आपल्या गणपती मिरवणुकींतल्या डीजेच्या भिंतीचा विषय टाळता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापनातली. हे मापन फ्लेचर-मन्सन यांच्या हळू आवाजाच्या आलेखावरून आलेलं. त्यात ५० हर्ट्झचा सूर मोजताना सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे ५० हर्ट्झवर खरे ८५ डेसिबल असले तरी मोजयंत्र ५५ दाखवतं. मोठ्या आवाजात मात्र कान खालच्या सुरांना एवढी सूट देत नाही आणि छाती तर मुळीच देत नाही. यंत्र नियमात, माणूस हैराण. बेससाठी ‘सी’ मापनही बघायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

तर मूळ प्रश्न. संगीताचा सबवूफर आणि सिनेमाचा सबवूफर अशा दोन जाती नाहीत. भेसळ न करता हवा हलवणारा सबवूफर दोन्हीला चालतो. सिनेमाला ती हवा जास्त आणि जास्त खोलवर लागते, एवढंच. मोठा स्वतंत्र बंगला, बंद थिएटर-खोली आणि सिनेमाचा नाद असेल तर पोर्टेड मोठा खोका घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि घरात ख्यालही वाजत असेल आणि ‘इंटरस्टेलर’ही, तर एका राक्षसाच्या पैशांत बंद खोक्याचे दोन मध्यम सबवूफर घ्या. पाठीला पाठ लावलेले वूफर मिळाले तर उत्तम, खालच्या मजल्याच्या स्लॅबला धक्के कमी बसतील. उरलेल्या पैशांत मोजमापाचा एक छोटा मायक्रोफोन घ्या. त्याच्या जोडीला आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुगलेले सूर इक्वलायझरनं खाली आणता येतात. जे सूर खोलीनं गिळले आहेत ते कितीही वॉट ओतून परत येत नाहीत, तिथे खोका सरकवणं हाच उपाय. आणि घरात सबवूफर आधीच असेल, तर नवा शोधण्याआधी या रविवारी तो कोपऱ्यातून बाहेर काढून चार जागी ठेवून ऐका.